गुणाबाईचा मेंदू

डॉ. आभा प्रधान माणसाच्या स्मरणशक्तीवर संशोधन करायची आणि स्वतः आठवड्यातून दोनदा गाडीची किल्ली फ्रीजमध्ये विसरायची. तिच्या निबंधाचा दाखला जगात आजवर अकरा ठिकाणी दिला गेला होता, त्यातल्या नऊ ठिकाणी तो तिनंच दिला होता. इतकी वर्षं यानं कुणाचं काही अडलं नव्हतं. पण यंदा संस्थेच्या फॉर्ममध्ये नवा रकाना उगवला : ‘संशोधनाचा समाजावर झालेला परिणाम’. तो कोरा राहिला तर प्रकल्प बंद, आणि सहा वर्षांचं काम गुंडाळून आभानं घरी बसायचं.

सगळी भिस्त होती गुणाबाईवर. गुणाबाई म्हणजे करंजाहून रोज पनवेलच्या मच्छीमार्केटात येणारी कोळीण. तीनशे गिऱ्हाइकं तिला तोंडपाठ : कुणाला पापलेट लागतं, कुणाच्या पोराला कोलंबीनं पुरळ उठतं, आणि मुख्य म्हणजे कोण कुठल्या वारी खात नाही. चुकून कुणी पिशवी घेऊन आलंच, तर ती खेकसायची, “आज तुमची संकष्टी हाय, घरी जा!” अशा बाईच्या डोक्यात असतं तरी काय, हे बघायला आभानं तिला एमआरआयच्या यंत्रातही घातलं होतं. नथ-पाटल्या उतरवायला लावल्या म्हणून गुणाबाई आठवडाभर रुसली, आणि आत गेल्यावर पाच मिनिटांत घोरायला लागली. त्या घोरण्याचा आलेखसुद्धा आभानं जपून ठेवला होता.

परीक्षण समितीच्या अध्यक्षा होत्या सुमतीबाई चित्रे. कडक बाई. “आलेख मला दाखवू नकोस,” त्या म्हणाल्या, “आलेख कुणीही काढतं. बाई दाखव.” सात वर्षांपूर्वी त्यांनी गुरूंचा अनुग्रह घेतला होता आणि त्या दिवसापासून घरात मासळीचं नाव काढायची सोय उरली नव्हती. तरी विज्ञानासाठी म्हणून रविवारी सकाळी त्या नाकाला रुमाल लावून मार्केटात आल्या. मागे त्यांची पर्स सांभाळत यजमान कृष्णकांतराव. आभाला त्यांचा चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, पण चेहरे लक्षात ठेवणं हा तिचा प्रांत नव्हता.

गुणाबाईनं सुमतीबाईंसमोर ओळखून दाखवावीत म्हणून आभानं तिची दहा जुनी गिऱ्हाइकं बोलावली होती. बिचारे रविवारचे येतायत, चहा-वडा तरी सगळ्यांनी खावा म्हणून तिनं आग्रहानं ‘सहकुटुंब या’ असं कळवलं. इथेच तिनं माती खाल्ली.

पहिला आला प्रणित, सडाफटिंग माणूस. “याला बोंबील. शनवारी बंद,” गुणाबाई म्हणाली. बरोबर. आभाचा जीव भांड्यात पडला. दुसरे महादेवकाका, शेजारी काकू उभ्या. गुणाबाईनं वर पाहिलं, खाली पाहिलं, कोयत्याची धार तपासली.

“यांना मी कवाच बगितला नाय.”

आभाला वाटलं, ऊन लागलं असेल. पण तिसऱ्यालाही नाय, चौथ्यालाही नाय. एकामागून एक नऊ नवरे आपापल्या बायकांशेजारी उभे राहिले आणि एकालाही गुणाबाईनं ओळख दाखवली नाही. गंमत म्हणजे त्या नऊ जणांच्या तोंडावर परीक्षेत पहिले आल्यासारखा आनंद होता.

सुमतीबाई पडताळणीत कसर ठेवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी यजमानांना पुढे ढकललं. “हे जन्मात इथे आलेले नाहीत. यांना ओळखता का?”

“कवाच बगितला नाय.”

“चला, निदान हे उत्तर तरी बरोबर!” असं म्हणून त्यांनी फाइल उघडली.

आभानं गुणाबाईचा दंड धरून तिला बर्फाच्या पेट्यांमागे नेलं. “मावशी, काय झालंय तुम्हाला? काहीच कसं आठवत नाही?”

“अगो बाय, समदा आठवते,” गुणाबाई दबक्या आवाजात म्हणाली. “उपासाचा वार मोडून खातात ते. पिशवीत नाय नेत, मागं हौसाच्या खानावळीत तलून. बायको बाजूला उबी, न मी कशी वळख देऊ? याद ठेवते म्हनून गिऱ्हाईक येतं. इसरते म्हनून परत येतं.”

सहा वर्षं ती या बाईची आठवण मोजत होती आणि खरी करामत होती विसरण्यात! हे सुमतीबाईंना सांगितलं असतं तर प्रकल्प वाचला असता, पण नऊ घरांत दुपारच्या जेवणाला आग लागली असती. ते तिच्यानं होईना. ती डोळे पुसत परत आली आणि म्हणाली, “मॅडम, मला काही म्हणायचं नाही.”

सुमतीबाईंनी पेनाचं टोपण काढलं. पेट्यांच्या अलीकडेच उभ्या असलेल्या कृष्णकांतरावांनी सगळं ऐकलं होतं. रडकुंडीला आलेली ती पोर त्यांना बघवेना.

“सुमती, थांब. ती माझ्यासाठी खोटं बोलतेय. मी येतो इथे. दर सोमवारी. पाच वर्षं झाली. सुरमईचे दोन तुकडे.”

गुणाबाई एक वेळ शिव्या सोसेल, पण चुकीचा तपशील तिला सोसवत नसे. “पाच नाय सायेब, सात!” ती कडाडली. “न दोन नाय, तीन. वर गाबोळी!”

सात वर्षं. म्हणजे बंदी लागल्याच्या पहिल्याच सोमवारपासून. सुमतीबाईंच्या नाकावरचा रुमाल गळून पडला. त्या लालबुंद झाल्या आणि पर्स हिसकावून घेत मार्केटभर ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाल्या : संयम, संस्कार, विश्वासघात, आणि आपण स्वतः कशा सात वर्षं मासळीच्या वाऱ्यालाही उभ्या राहिलो नाही.

गुणाबाईला त्यांची दया आली. तिनं हात पुसून सुमतीबाईंच्या खांद्यावर ठेवला.

“तुमी घाबरू नका, बाय. तुमाला तर मी बुधवारचा कवाच बगितला नाय.”



“बुधवारचा?” कृष्णकांतराव सावकाश म्हणाले. “बुधवारी तुझं गीतापठण असतं ना?”

सुमतीबाईंनी फाइल गुडघ्यावर टेकवली, परिणामाच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत ‘प्रत्यक्ष पाहिला’ असं लिहिलं आणि तीन वर्षांच्या मुदतवाढीवर सही ठोकली.