मोलकरणींची पेटी

मी एक जुनी पेटी आहे. आंब्याच्या फळ्यांची, चार खणांची. पाटोद्याच्या बद्रीनाथ मिस्त्रींनी मला घडवलं, तेव्हा त्यांना वाटलं दागिन्यांसाठी असेल. नीलम्मा मॅडम हसून म्हणाल्या, "कागदं ठेवायचीत मिस्त्री, पण दागिन्यांपेक्षा जपून करा."

मित्रांनो, मॅडम बीडच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवत. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या जाडजूड कादंबऱ्या हा त्यांचा विषय. त्या कादंबऱ्यांत मोठ्या घरांतून मोलकरणी असतात. एखादी शेगडी पेटवते, एखादी दार उघडते आणि पुन्हा कधीच दिसत नाही. बहुतेकींना नावही नसतं. मॅडम अशी एकेक बाई हुडकून तिच्यासाठी एक कार्ड लिहीत. कादंबरी, पान, तिनं काय केलं, कोण तिच्यावर खेकसलं. बावीस वर्षांत माझ्यात दोन हजार कार्डं जमली. पाहुणे प्राध्यापक आले की मॅडम मला उघडून दाखवत. मला फार अभिमान वाटे.

एकदा वर्गात त्यांनी एक कार्ड वाचलं. आष्टीकडच्या मेंढपाळाची मुलगी सुकन्या उभी राहिली.

"मॅडम, माझी आई शहरात धुणीभांडी करती. तिलाबी तिथं कुणी नावानं हाक मारत न्हाई."

त्या दिवशी मॅडमना पुढं शिकवता आलं नाही.

सुकन्या पुढं प्राध्यापिका झाली. भेटायला आली की ती दर वेळी विचारी, "मॅडम, फोटो काढून ठेवू का कार्डांचे?"

"कशाला गं? पुस्तकच काढते की आता. थोड्याच कादंबऱ्या राहिल्यात."

त्या थोड्या कधी संपल्याच नाहीत.

पुढं विद्यार्थी मिळेनात म्हणून एम.ए.चा वर्ग बंद झाला. त्याच वर्षी मॅडम घसरून पडल्या आणि पाच महिने अंथरुणाला खिळल्या. मी जिथं होते ती विभागाची खोली रिकामी करायचा हुकूम आला. मोहनराव शिपायांनी मला जिन्याखाली नेऊन ठेवलं. तिथल्या ओलसर भिंतीतून वाळवी आली. ती आधी मला लागली, मग कार्डांना. मला ओरडता आलं नाही.

मॅडम काठी टेकत आल्या, सोबत सुकन्या. खण ओढला तशी कार्डांची माती त्यांच्या पदरात सांडली.

मोहनरावांचा चेहरा पडला. "मॅडम, मला वाटलं रद्दी हाय. कुणी सांगितलंच न्हाई."

"तुमी तरी काय करणार, मोहनराव."

सुकन्यानं वही काढली. "तुमाला आठवतंय तेवढं सांगा मॅडम, मी लिहून घेते."

मॅडम जिन्याच्या पायरीवर बसून सांगत राहिल्या. एकतीस बायका झाल्या. मग त्या थांबल्या. "एक होती बघ, रडत रडत चांदीचे चमचे पुसणारी. कुठल्या कादंबरीत गं ती?"

सुकन्याला ठाऊक नव्हतं. मॅडमनी डोळे मिटले. "आठवंना."

मित्रांनो, कुणाच्या हातचं लिखाण हलवायच्या आधी त्याला विचारा. आणि तुम्ही स्वतः काही लिहीत असाल, तर सगळं जमेपर्यंत थांबू नका. आपल्याला कुणी तरी नीट पाहावं म्हणून त्या बायका दीडशे वर्षं थांबल्या होत्या. मॅडमनी त्यांना पाहिलं, आणि मला त्या सांभाळता आल्या नाहीत.