मुरत घातलेला अर्ज

स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं होत आली होती, तेव्हाची ही गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत काकासाहेब नावाचे अव्वल कारकून होते. गावाचं नाव सांगत नाही. असे काकासाहेब तुमच्याही गावात असतील, तेव्हा उगाच एकाच गावाला बोल लागायला नको. माणूस सोन्यासारखा. कुणाच्या चहाचाही मिंधा नाही, तोंडात कधी वेडावाकडा शब्द नाही, आणि दारात म्हातारी आली तर स्वतः उठून तिला बाकावर जागा करून देणारा. सगळा तालुका त्यांना भाऊसाहेब म्हणायचा आणि तेही सगळ्या तालुक्याला घरचंच समजायचे. घोटाळा झाला तो इथंच.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी या कचेरीत पासपोर्टाचा अर्ज म्हणजे अप्रूप होतं. वर्षा-दोन वर्षांत एखादा यायचा, आणि मामलेदारांपासून पट्टेवाल्यापर्यंत सगळे तो हातात घेऊन बघायचे. लढाई संपली, राज्य आपलं झालं आणि वारं फिरलं. कुणाचा भाऊ आफ्रिकेत रेल्वेवर होता, तो बोलावू लागला. कुणाला बोटीवर काम मिळत होतं, कुणी शिकायला निघालं होतं. दर आठवड्याला अर्ज येऊ लागले. पासपोर्ट निघायचा मुंबईला, पण चौकशी आधी तालुक्याला व्हायची. माणूस कोण, घरचं कोण, वागणूक कशी, परमुलखात अडकलाच तर परत आणायची हमी कोण घेतो, एवढं लिहून कागद नगरला धाडला की तालुक्याचं काम संपलं.

काकासाहेबांचं मात्र तेवढ्यानं भागत नसे. ते समोरच्याला बसवून घ्यायचे आणि विचारायचे, आईला सांगितलंस का, बायकोची तयारी आहे का, तिकडची थंडी सोसेल का तुला. हे कुठल्याच नियमात नव्हतं. उत्तरानं त्यांचं समाधान झालं नाही, की तो अर्ज एका तांबड्या रुमालात बांधला जायचा आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर चढायचा. लोणचं मुरल्याशिवाय वाढू नये आणि परदेशाचा विचार मुरल्याशिवाय पाऊल उचलू नये, असं त्यांचं मत होतं. ज्याला खरंच जायचंय तो पुन्हापुन्हा येईल, ज्याची नुसती हौस आहे त्याची दिवाळीपर्यंत फिटेल. तोंडानं ते कुणालाच नाही म्हणत नसत. "चौकशी चालू आहे," एवढंच म्हणत. पट्टेवाला सहादेव मात्र स्पष्टवक्ता होता. तो लोकांना दारातच सांगून टाकायचा, की तुमचा मुरत घातलाय.

आता तुम्ही विचाराल, वर कुणी तक्रार का केली नाही? अहो, कशी करणार? कारभारी नावाच्या एका पोराचा अर्ज त्यांनी असाच मुरत ठेवला होता. पोराला बोटीवर जायचं होतं. सहा महिन्यांत त्याचा उत्साह ओसरला, त्यानं घोडेगावच्या बाजारातून बैलजोडी आणली, लग्न केलं आणि सणावाराला काकासाहेबांच्या पाया पडायला येऊ लागला. त्या एका नमस्कारानं काकासाहेबांची खात्रीच पटली. एक बरं निघालं म्हणून सगळी बरीच निघतील, असं माणसाला वाटतं. घरी पुष्पावतीबाई म्हणायच्या, की अहो, लष्कराच्या भाकऱ्या भाजायची ही हौस पुरे करा. त्यावर ते नुसते हसायचे.

होळी झाल्यावर हन्नाचा अर्ज आला.

हन्ना गावातल्या मिशन दवाखान्यात नर्स होती. बाप शलमोन दवाखान्याच्या बागेत माळी होता, तो ती लहान असतानाच गेला. आई साराबाई तिथल्याच स्वयंपाकघरात रोग्यांसाठी भाकऱ्या थापायची. त्या भाकऱ्यांच्या धुरात अभ्यास करून पोरगी नर्स झाली होती. आता इंग्लंडातल्या एका मोठ्या दवाखान्यानं तिला पुढच्या शिक्षणासाठी जागा दिली होती. बोटीचा खर्च मिशन करणार होतं. सप्टेंबरात वर्ग सुरू व्हायचा होता. तोवर पोचली तर जागा तिची, नाहीतर ती दुसऱ्या कुणाला जाणार, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं.

काकासाहेबांनी अर्ज वाचला आणि पोरीकडे पाहिलं. विधवा आई, एकुलती एक लेक, आणि समुद्रापलीकडं तीन वर्षं! त्यांनी विचारलं, "आई काय म्हणते?"

"जा म्हणते," हन्ना म्हणाली. मग खाली बघून पुढं म्हणाली, "रडते पण."

झालं. त्या एका शब्दावर अर्ज रुमालात गेला.

त्यानंतर हन्ना येत राहिली. रात्रपाळी संपवून, तोंड धुऊन, थेट कचेरीत यायची. काकासाहेब तिला बसवायचे, पाणी द्यायचे, रोग्यांची विचारपूस करायचे आणि चौकशी चालू आहे म्हणून सांगायचे. तीही मान डोलवून जायची. चैत्र गेला, वैशाख गेला. मृगाला शेतकरी आभाळाकडं बघू लागले, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची हुशारी उतरलेली काकासाहेबांना दिसली. त्यांना वाटलं, जायचा विचार मावळतोय. तिला आता फक्त आईच्या तोंडून एकदा थांब म्हणून ऐकायचं असेल. तेवढं घडवून आणावं म्हणून एका रविवारी दुपारी ते स्वतःच दवाखान्यामागच्या ख्रिस्ती वस्तीत गेले.

साराबाई दारात गोधडी शिवत बसली होती. हन्ना कामावर होती. भाऊसाहेब आपल्या दारी आलेले बघून बाई लगबगीनं उठली, त्यांना खाट टाकून दिली. काकासाहेबांनी इकडचं तिकडचं बोलून घेतलं आणि मग गोड बातमी सांगावी तसं हळूच म्हणाले, "साराबाई, काळजी करू नका. हन्नाचा कागद मी पुढं जाऊच दिलेला नाही."

बाईच्या हातातली सुई थांबली.

"तुमी?" ती म्हणाली. "मंबईच्या सरकारनं अडवलंय न्हवं?"

"मुंबईपर्यंत गेलाय कुठं? माझ्याकडंच आहे. तुम्ही रडता असं ती म्हणाली. म्हटलं, या माउलीचा विचार कुणीतरी करायला हवा."

साराबाईनं सुई गोधडीत खोचली. ती चिडली असती तर काकासाहेबांना बरं झालं असतं. पण ती अगदी समजुतीनं बोलू लागली.

"मी रडती, ही गोष्ट खरी हाय भाऊसायेब. रोज रडती. ही गोदडी तिच्यासाटीच हाय, तितं लई थंडी आसती म्हनं, तर शिवताना बी रडती. पर रडती म्हंजी तिनं जाऊ नये, आसं कुनी सांगितलं तुमाला? तिच्या बापाला मातीत ठिवलं तवा बी रडले, आन् ती जल्मली तवा बी रडले. समदं रडनं एकच आसतं व्हय?"

काकासाहेब म्हणाले, "तुम्ही एकट्या पडाल, एवढंच माझ्या मनात होतं. वाईट हेतू नव्हता, साराबाई."

"ठावं हाय मला. म्हनून तर आवघड हाय. गोऱ्या सायबानं अडवलं आसतं, तर त्याच्याशी भांडलो आसतो. तुमी मायेनं अडवता. मायेशी कसं भांडायचं? पोरगी रातभर जागून तुमच्या दारात यायची आन् घरी यिऊन सांगायची, आये, भाऊसायेब लई चांगले हाइत, आपलं काम तेच करतील. तिला अडवायचा हक्क कुनाचा आसला, तर तो आईचा. म्या तो वापरला न्हाई. मग तो तुमी कुटनं आनला?"

आयुष्यभर काकासाहेबांनी लाच घेतली नव्हती, म्हणून आपल्या हातून अन्याय होणं शक्यच नाही अशी त्यांची समजूत होती. लोकांच्या जगण्यातले महिने मात्र ते आपल्या फळीवर बिनदिक्कत ठेवून घेत होते, आणि वर त्यांचे आशीर्वाद घेत होते. खाटेवरून उठताना त्यांना चप्पलसुद्धा नीट घालता येईना.

"अजून वेळ आहे का?" एवढंच त्यांनी विचारलं.

"ते तुमीच सांगायचं," साराबाई म्हणाली.

सोमवारी कचेरी उघडताच काकासाहेबांनी तो रुमाल खाली काढला. हन्नाचा चौकशी-अहवाल लिहायला त्यांना चहा थंड व्हायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. एवढ्याशा कामासाठी तीन महिने! मामलेदारांना त्यांनी झालं ते सगळं सांगितलं, त्यांची बोलणी मान खाली घालून ऐकली, आणि कागद टपालात न टाकता त्यांच्या परवानगीनं स्वतः रेल्वेनं नगरला नेऊन दिला. तिथल्या कारकुनानं त्यांना ओळखलं नाही. त्यानं त्यांना व्हरांड्यात उभं केलं. दुपारभर काकासाहेब तिथं उभे राहिले, आणि आतून कुणी बाहेर आलं की आपसूक त्यांचा हात नमस्काराला उठू लागला. कागद त्याच दिवशी मुंबईच्या टपालात पडला, हे डोळ्यांनी बघूनच ते परतले.

पण रुमालात एकट्या हन्नाचाच अर्ज नव्हता. काकासाहेबांनी बाकीचेही एकेक काढून पाहिले. पाथर्डीकडून येऊन इथं राहिलेल्या श्रीमंत नावाच्या सुताराला त्याच्या मावसभावानं आफ्रिकेत कामावर बोलावलं होतं. ते काम कधीच दुसऱ्याला गेलं होतं. काकासाहेब त्याच्या सुतारकामाच्या मेटावर गेले आणि म्हणाले, की सरकारनं काही केलेलं नव्हतं, तुझा अर्ज मी ठेवून घेतला होता. श्रीमंत रंधा हातात धरून नुसता बघत राहिला. "तुमी व्हता व्हय?" एवढंच तो म्हणाला आणि पुन्हा फळी तासू लागला. त्यांना बसा म्हणाला नाही, निघताना रामराम केला नाही. आठवड्यानं मात्र तो तिकडच्याच दुसऱ्या कामासाठी नवा अर्ज घेऊन कचेरीत आला. काकासाहेबांनी त्याला आईचं विचारलं नाही, थंडीचं विचारलं नाही. नियमात होतं तेवढं विचारलं आणि दुसऱ्या दिवशी कागद नगरला गेला.

हन्नाचा पासपोर्ट श्रावणात आला. बोट सुटायला थोडेच दिवस उरले होते. तो तिच्या हातात देताना काकासाहेबांनी तिलाही खरं काय ते सांगितलं आणि तिची माफी मागितली. हन्ना म्हणाली, "भाऊसाहेब, मी तर शेवटी शेवटी देवालाच विचारत होते, माझ्या वागण्यात काही खोट सापडली का म्हणून." हे ऐकून मात्र काकासाहेबांचे डोळे भरून आले. अडवलेल्या माणसाला कारण सांगितलं नाही, तर तो कारण स्वतःत शोधतो. त्यांच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

स्टेशनवर अर्धी वस्ती लोटली होती. काकासाहेब आणि पुष्पावतीबाईही गेले होते. हन्नाला बरंच काही सांगावं असं काकासाहेबांच्या मनात दाटून आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. "कागद जवळ आहेत ना?" एवढं विचारलं. ती हो म्हणाली. गाडी हलली, आणि साराबाईनं इतका वेळ आवरून धरलेला हंबरडा फोडला. पुष्पावतीबाईंनी तिला जवळ घेतलं. काकासाहेब अपराध्यासारखे बाजूला उभे होते.

रडणं ओसरल्यावर साराबाईनं पदरानं डोळे पुसले आणि ती त्यांच्याकडं वळली.

"भाऊसायेब, मी एकटी पडंन म्हनून तुमी माज्या लेकीला अडवून धरलं हुतं. आता पडले मी एकटी. मग येता का ऐतवारी आमच्याकडं जेवायला? माया करायचीच आसंल तर हितं करा. हितं जागा रिकामी हाय."

दवाखान्यामागच्या वस्तीत कचेरीतल्या अव्वल कारकुनानं पंगतीला बसायचं, ही त्या काळी गावानं महिनाभर चघळावी अशी गोष्ट होती. गावानं ती चघळली. पण त्या रविवारी काकासाहेब आणि पुष्पावतीबाई साराबाईच्या घरी जेवले, त्यानंतर साराबाई त्यांच्या घरी जेवली, आणि हन्नाची पत्रं तिन्ही वर्षं काकासाहेबांनीच साराबाईला वाचून दाखवली.

तर बंधुभगिनींनो, तुमच्यामाझ्यापैकी ज्याच्या हाती दुसऱ्याचा कागद असेल, त्यानं एवढं ध्यानात ठेवावं. राज्य आपलं झालं, म्हणजे कचेरीत आईबाप बसले असं नव्हे. जाणाऱ्याला त्याचा कागद वेळेवर द्यावा, नाही म्हणायचं असेल तर कारण तोंडावर सांगावं. आणि माया फारच दाटून आली, तर मागं राहिलेल्याच्या घरी जाऊन बसावं.