रविवारच्या बॅटऱ्या

ड्रायव्हरसाहेबांनी पहिली बॅटरी काचेच्या टेबलावर आडवी ठेवली आणि तिच्या टोकाला टिचकी मारली. फुगलेली असेल तर गरगर फिरेल, असं दुकानदाराने सांगितलं होतं. बॅटरी जराशी सरकली आणि थांबली. त्यांचा विश्वास बसेना. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा टिचकी मारली.

“अहो, कॅरम मांडलाय का?” बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं.

“गप्प बस गं. पोरीच्या बॅटऱ्यांचं वाटोळं केलंय मी.”

बॅटऱ्या ड्रोनच्या आणि ड्रोन मुलीचा. ‘असल्या खेळण्यांनी पोट भरत नाही’, असं साहेब एकदा तिला बोलून गेले. तिने दुसऱ्या शहरात नोकरी धरली, ड्रोन कपाटावर तसाच ठेवला आणि बापाशी बोलणं टाकलं. साहेबही कमी नव्हते; त्यांनीही फोन केला नाही. मात्र दर रविवारी सकाळी चारही बॅटऱ्या चार्जरला लावून काठोकाठ भरायचं व्रत त्यांनी सोडलं नाही. जन्मभर बस चालवलेला माणूस; टाकी भरल्याशिवाय गाडी उभी करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पुढच्या रविवारी बघावं तर बॅटऱ्या निम्म्यावर! ‘बसल्या जागी एवढं खातात कुठे मेल्या?’ म्हणत ते पुन्हा भरत.

आज मुलगी ड्रोन न्यायला येणार होती. माफी मागायला तोंड उघडेल याची खात्री नव्हती, म्हणून एक नवी बॅटरी हातावर ठेवावी, या विचाराने साहेब सकाळीच दुकानात गेले.

“काका, घरातल्या कशा ठेवता?” दुकानदाराने सहज विचारलं.

“कशा म्हणजे? फुल्ल!”

दुकानदाराने कपाळाला हात लावला. “उडवायच्या नसतील तर निम्म्यावर ठेवायच्या, काका. भरून ठेवल्या की फुगतात, कामातून जातात. एखादी पेटही घेते.”

टिचकीची परीक्षा तेवढी ऐकून ते जे निघाले ते थेट घरी. नवी बॅटरी काउंटरवरच राहिली. ज्या एका गोष्टीने पोरगी उंबऱ्याच्या आत येणार होती, तीच आपण आपल्या हाताने मातीत घातली, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

दुसरी फिरली नाही. तिसरीही नाही. चौथीला टिचकी मारताना दारावरची बेल वाजली. तीही फिरली नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच.

मुलगी पिशवी खांद्यावर तशीच ठेवून टेबलाजवळ आली.

“मी दर रविवारी भरत होतो,” साहेब तिच्याकडे न बघता म्हणाले. “पूर्ण. मला माहीत नव्हतं गं.”

तिने एक बॅटरी चार्जरला जोडली. आकडा निम्म्यावर होता.

“अशी कशी? मी तर कालच...” साहेबांनी मान वळवली. दारात उभी असलेली बायको चौकटीवरची नसलेली धूळ पुसू लागली.

“संध्याकाळी तुम्ही फिरायला गेलात की मी निम्म्यावर उतरवायचे,” ती म्हणाली. “चार्जरलाच सोय आहे तशी.”

“तुला कुणी शिकवलं?”

“मी,” मुलगी म्हणाली. “फोनवर.”

“अगं, मग मला सांगायचं ना!”

“आई सांगणार होती. मीच नको म्हटलं.” तिने चार्जरची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. “सांगितलं असतं तर तुम्ही भरायचं थांबला असतात. दर रविवारी फोन लागला की मी आधी तेच विचारायचे. भरल्या का बाबांनी?”

साहेब खुर्चीत बसले. रुमाल सापडेना, म्हणून त्यांनी चष्मा सदऱ्यालाच पुसला आणि उरलेल्या तीन बॅटऱ्या जवळ ओढल्या.

“किती भरू मग?”

“पूर्ण,” मुलगी म्हणाली आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. “उद्या सकाळी उडवू. रिमोट तुम्ही धरा.”