चालेलभाऊंना कुणी विचारलं?

पर्समधला फोन वाजला तसा तिनं तो काढून कानाला लावला. फोन नवऱ्याचा होता, पण तो तीच उचलायची. सवयीनं म्हणाली, "हं, बोला."

"वहिनी, आमची लिफ्ट अडकलीय हो!" पलीकडच्या इमारतीतले मास्तर घाईघाईनं बोलत होते. "दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे. सूनबाई आत आहे, भाजीची पिशवी घेऊन. चालेलभाऊंना जरा पाठवता का?"

"हो, पाठवते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. समोर भिंत होती, भिंतीवर हात कसे धुवावेत याची चित्रं लावलेली होती, आणि भिंतीपलीकडे अतिदक्षता विभागात तिचा नवरा पडला होता. सकाळी डॉक्टरांनी दुसऱ्यांदा तपासून सांगितलं होतं की मेंदू मेलाय, छाती वरखाली होतेय ती नुसती मशीनमुळे. कुणाला पाठवणार होती ती? गल्लीत तर अजून कुणाला कळवलंही नव्हतं.

मास्तरांना परत फोन लावायला तिनं अंगठा उचलला. पण लावायचा म्हणजे ते वाक्य स्वतःच्या तोंडानं म्हणायला हवं होतं. अंगठा तसाच राहिला. शेजारच्या खुर्चीत धाकटी बहीण रडून रडून आता नुसती उचक्या देत होती. दाराशी दीर उभा होता, बोटात स्कूटरची किल्ली गरगर फिरवत. खोली एवढीशी, खिडकी होती पण ती उघडायची नव्हती, आणि दाराला असली काही स्प्रिंग होती की कुणी आत आलं की ते आपोआप मागे घट्ट लागायचं.

तसं ते पुन्हा एकदा लागलं, आणि समन्वयक बाई आत आल्या. मेलेल्या माणसाचे अवयव जगणाऱ्याला मिळावेत यासाठी घरच्यांशी बोलायचं, हे त्यांचं काम. हातात टॅबलेट, डोळ्यांखाली काळं. खुर्ची ओढून त्या तिच्या अगदी समोर बसल्या.

आता या चालेलभाऊंबद्दल सांगायला हवं. माणूस लिफ्टचा मेकॅनिक. आईबापांनी नाव चांगलं ठेवलं होतं, पण ते वापरात राहिलं नाही. रविवारी याल का? चालेल. तुमची शिडी नेऊ? चालेल. शिडी मोडली हो आमच्याकडून. चालेल. धाकट्या भावानं दोन दिवसांसाठी म्हणून स्कूटर नेली ती परत आलीच नाही, आणि चालेलभाऊ गुपचूप बसनं कामावर जायला लागले. अख्खी गल्ली म्हणायची, माणूस असावा तर असा. म्हणणारच! त्यात गल्लीचं काय जात होतं?

आणि बायको? ती तर विचारतही नव्हती. परस्पर सांगून मोकळी व्हायची. हे येतील की. पाठवते यांना.

गेल्या रविवारी बहिणीचा फोन आला होता. गच्चीवरच्या टाकीचा बॉल अडकलाय, पाणी धो धो वाहतंय. "पाठवते," ती म्हणाली. चालेलभाऊ नुकतेच जेवायला बसले होते. त्यांनी एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि उठून चपला घातल्या. त्या दिवशी ते चालेल असंही म्हणाले नाहीत. ओल्या गच्चीवर शिडी सरकली.

"कायदा आता असा आहे," समन्वयक बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ज्यांनी जिवंतपणी नकार नोंदवलेला नाही, त्यांची अवयवदानाला संमती आहे असं धरलं जातं. यांचा नकार आमच्याकडे नाही. पण घरात कधी नको म्हणाले असतील, तर ते आम्ही मानतो. तेवढं विचारायला आलेय मी."

"धरलं जातं!" दीर दाराशीच कडाडला. "वा रे वा! माणूस बोलला नाही म्हणजे हो म्हणाला? उद्या आमच्या घराला कुलूप दिसलं तर तेही धरतील का? हा कायदा आला तेव्हाच मी सांगत होतो. द्यायचं त्यानं आपणहून सांगावं, ही रीत असते."

"तीच रीत होती आधी," बाई म्हणाल्या. "लोक भले असतात हो. पण भला माणूससुद्धा उद्या सांगू म्हणतो. असं उद्या-उद्या करत द्यायचं मनात असलेलीही जायची, आणि इकडे वाट बघत बसलेलीही जायची. मी दोन्ही रीतींत काम केलंय."

"मग ऐका. मी माझा नकार टाकला ना, तेव्हा दादाला विचारलं होतं, तुझाही टाकू का? चालेल म्हणाला. टाकायचा राहिला तो माझ्याकडून, ती चूक माझी. पण नकारच झाला की नाही तो?"

समन्वयक बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "असं म्हणाले होते?"

म्हणाले होते. ती तिथंच कपड्यांच्या घड्या घालत होती. आणि त्याच आठवड्यात दारावर एक मुलगी आली होती, अवयवदानाचं समजावून सांगत. तिनं विचारलं, काका, तुमची हरकत नाही ना, कुणाच्या तरी उपयोगी पडाल? तिलाही ते चालेल म्हणाले होते. वर उन्हातून आलीयस म्हणून पाणी दिलं होतं.

"बोल ना वहिनी," दीर म्हणाला. "तुझ्यासमोर झालं होतं."

नुसती मान हलवायची होती. मान हलवली की सगळं संपलं असतं. बाई उठून गेल्या असत्या, मशीन बंद झालं असतं, आणि तिला कुणी काही विचारलं नसतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "यांनी तुम्हाला कधी नाही म्हटलंय?"

किल्ली फिरायची थांबली. दिरानं ती मुठीत घेतली, मग खिशात टाकली.

"ताई, देऊन टाक ग," बहीण तिचा हात धरून म्हणाली. "कुणाचं तरी भलं होऊ दे. नाहीतर मी कुठल्या तोंडानं जगू? माझ्या टाकीपायी..."

तिनं हात सोडवून घेतला. बहिणीचा राग आला म्हणून नव्हे. एकीला यांचं हो हवं होतं, मनावरचं ओझं उतरवायला. एकाला यांचं नाही हवं होतं, आपलंच खरं करायला. माणूस मेला तरी प्रत्येकाला त्याच्याकडून काहीतरी हवंच होतं. आणि माझं काय वेगळं होतं, असं मनात आलं तशी तिला स्वतःची चीड आली.

"मॅडम, एक सांगू?" ती म्हणाली. "मागितलं असतं ना, तर यांनी दिलं असतं. हसत दिलं असतं. पण मागितलं कुणी? सगळे धरून चालले. तुमचा कायदाही त्यातलाच."

"मग तुम्ही द्या," बाई म्हणाल्या.

"मी देते, असं लिहाल? बायकोनं दिलं म्हणून?"

बाईंनी टॅबलेटकडे पाहिलं. त्यावर काय आहे ते त्यांना पाठ असावं, तरी पाहिलं.

"तशी सोय नाही यात. त्यांचा स्वतःचा होकार नोंदलेला असला तर तो. नाहीतर नकार, किंवा गृहीत संमती. घरच्यांनी दिलं असा रकानाच नाही."

"म्हणजे मी गप्प बसले तर गृहीत. आणि गृहीत नको असेल तर ते नाही म्हणाले असं खोटं सांगायचं."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांनी शब्द फिरवले नाहीत, एवढं बरं केलं. "मी घाई करत नाही. पण मशीनवर शरीर फार वेळ टिकत नाही, हेही मला सांगावं लागतं."

ती उठली. "मी आत जाऊन येते." दार ओढायचं की ढकलायचं हेच तिला कळेना. दोनदा ओढलं, मग दिरानं हात लांब करून ढकलून दिलं.

आत परिचारिकेनं तिला स्टूल दिलं आणि पडदा सरकवून ती बाजूला झाली. नवऱ्याचा हात उबदार होता. कुणीतरी तो चांगला घासून पुसला होता, तरी नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ राहिलीच होती. या ग्रीसवरून ती आयुष्यभर करवादली होती. आता ती रेघ अंगठ्यानं चोळता चोळता तिला रडू फुटलं. भडभडून रडली ती, आणि परिचारिकेनं ऐकू येत असूनही मागे वळून पाहिलं नाही.

"अहो," नाक पुसून ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं नाही. ताट वाढलेलं होतं, तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मला दिसलं होतं ते. तरी मी आमटी झाकून ठेवली. म्हटलं, येतील आणि जेवतील."

मशीननं एक श्वास आत ढकलला, एक बाहेर काढला.

"आज विचारते. द्यायचं का?"

आणि ती थांबली. यांना काही विचारलंच तर उत्तराला थांबायची सवय तिला नव्हती, विचारता विचारताच ती पुढच्या कामाला लागलेली असायची. आज ती बसून राहिली. चेहऱ्याकडे बघत राहिली. भुवई नाही, ओठ नाही, काही हललं नाही. अशी वेळेवर थांबली असती तर चालेलच्या आधी एखाद्या दिवशी काहीतरी ऐकू आलं असतं का? आता कोण सांगणार होतं?

पर्समध्ये फोन वाजला. परिचारिकेनं डोळे मोठे केले. तिनं फोन घाईनं कानाला लावला.

"वहिनी, निघाले का चालेलभाऊ?" मास्तरांचा आवाज पार उतरला होता. "पोर घाबरलीय हो. आतला पंखाही बंद पडलाय, पिशवीवर बसलीय बिचारी. आम्ही दुसऱ्या कुणाला बोलावलंच नाही. म्हटलं, भाऊ येतायत तर कशाला."

तिच्या एका हो वर विसंबून कुणाची तरी लेक एवढा वेळ कोंडून पडली होती.

"ते येणार नाहीत, मास्तर. कंपनीला फोन करा. आत्ताच्या आत्ता करा, लिफ्टच्या दाराशेजारी नंबर लिहिलेला असतो. आणि तिच्याशी बोलत राहा बाहेरून. हे तसंच करायचे."

"असं कसं? भाऊ नाही म्हणाले?" मास्तरांना खरंच वाटेना.

"ते नाही म्हणाले," तिनं सुरुवात केली, मग थांबली. "नाही मास्तर. त्यांच्यावर घालत नाही. मी म्हणतेय नाही. मघाशी पाठवते म्हणाले तीही मीच. माझं चुकलं. ते आता कुणाकडेच येणार नाहीत."

तिनं फोन बंद केला. बंद म्हणजे अगदी बटण दाबून धरून बंद. मग नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली, खरं तर ती सारखीच होती, आणि उठली.

खोलीत सगळे तिथंच होते. दार तिच्या मागे घट्ट लागलं.

"भाऊजी, तुम्हाला दिलेलं चालेल मोजायचं नाही," ती म्हणाली. "दारावरच्या मुलीला दिलेलंही मोजायचं नाही. मला दिलेली तर अजिबात नाहीत." ती समन्वयक बाईंकडे वळली. "मी विचारून आले. उत्तर आलं नाही. त्यांनी हो म्हटलेलं नाही आणि नाही म्हटलेलंही नाही. मी खोटं बोलणार नाही. पण मी त्यांची बायको आहे, आणि कुणीतरी वाट बघत अडकलंय, आणि मी देतेय. उद्या याचा जाब द्यायची वेळ आली तर मी देईन, त्यांच्या नावावर ढकलू नका."

"मला समजतंय," समन्वयक बाई म्हणाल्या. "पण इथं नोंद गृहीत अशीच पडेल. माझ्या हातात दुसरं काही नाही."

"पडू दे. तुम्हाला माहीत आहे ना काय झालं ते?"

"आहे."

"मग झालं."

बाईंनी मान डोलावली आणि टॅबलेटवर बोट नेलं. रोज दहा जणांना म्हणावं तसं, सहज, त्या म्हणाल्या, "मग हे करते मी. चालेल?"

बहिणीची उचकी अर्ध्यात थांबली. दिरानं मान खाली घातली. बाईंना काही कळलं नाही, त्या बोट धरून वाट बघत राहिल्या.

तिनं टॅबलेट त्यांच्या हातातून घेतला, मांडीवर ठेवला, आणि कुठलं बटण ते नीट विचारून घेतलं.

"चालेल नाही," ती म्हणाली. "हो."

आणि स्वतःच्या बोटानं दाबलं.