नवलची मूठ

खान्देशात श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांचा गहू मुठीने मोजतात. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा मुठी. तान्ह्या मुलाचीसुद्धा एक. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. आठ वर्षांपूर्वी श्रावणातल्या त्या शनिवारी मेघाची आई, तानुबाई, परातीपुढे बसून एकेकाचं नाव घेत गहू काढत होती. मेघाच्या भावाचं, नवलचं नाव आलं तेव्हा वडील दारातून म्हणाले, "या वरीसले त्यानी मूठ नही."

नवलने जातीबाहेरच्या मुलीशी लग्न केलं होतं आणि घरी कळवायला तो त्याच दिवशी आला होता. तो अंगणात उभा होता. त्याने ते ऐकलं, चपला घातल्या आणि शिंदखेड्याची बस धरली. पुढे सुरतला गेला एवढंच कोणाकडून तरी कळलं. फोन नंबरही त्याने बदलला.

वडील वळून गेल्यावर तानुबाईने नवलची मूठ काढली होती, हे मात्र फक्त मेघाने पाहिलं. त्या वर्षी काढली, आणि नंतर दरवर्षी.

मेघा जळगावला एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. मुलांना सांगायची, जे रीडिंग आलं तेच वहीत लिहा, आवडीचं लिहू नका. वडील वारल्यानंतरच्या आषाढात तिने एक ब्लॉग सुरू केला. खान्देशातले सण, पदार्थ, आईची भरताची वांगी भाजण्याची पद्धत. वाचणाऱ्यांना तो छंद वाटला. खरं तर तो एकाच माणसासाठी होता. आईने मूठ काढली होती, एवढं नवलला कळावं, मग तो येवो न येवो.

कोणत्या तरी लेखात वाचून तिने हॅशटॅगही शिस्तीत लावले होते. #कानबाई, #खान्देश, #रोट, #भरीत. भरताच्या लेखाला पुण्याहून, दुबईहून वाचक आले. वांगी कुठं मिळतील म्हणून विचारणारे आले. नवल आला नाही.

चार वर्षं अशी गेल्यावर यंदा आषाढात तिने कॉम्प्युटर शिकवणाऱ्या डिंपलला ब्लॉग दाखवला. डिंपल स्टाफरूममध्ये केळीचे वेफर खात होती. हात पुसून तिने फोन घेतला.

"मेघाताई, #खान्देश लावून काय होणार? तुम्ही यात्रेत टाचणी टाकलीय. कोणाला सापडायला हवाय हा ब्लॉग?"

"भावाला."

डिंपलचं हसू थांबलं. तिने बराच वेळ लेख खालीवर केले. "भावाचं नाव काय?"

"नवल."

"ते कुठंय यात? गावाचं नावही नाही. सगळीकडे आपलं 'भाऊ' आणि 'आमचं गाव'."

वडिलांनी बंद केलेलं नाव त्यांच्यामागेही घरात कोणी मोठ्याने घेत नसे. लिहिताना ते आपसूक गळलं होतं. तिला ते सभ्यपणाचं वाटलं होतं.

"ताई, माणूस नेटवर आधी काय शोधतो? स्वतःचं नाव. नाव टाका, गाव टाका. आणि जुन्या प्रत्येक लेखातून त्या लेखाला लिंक द्या. भरीत शोधत आला तरी तिथंच पोचला पाहिजे."

त्या रविवारी मेघाने नवा लेख लिहिला. फार मोठा नव्हता. नवलचं पूर्ण नाव, गावाचं नाव, तो शनिवार, आणि वडील वळल्यावर आईने काय केलं ते. खाली एकच हॅशटॅग, #नवलची_मूठ. मग जुन्या एक्केचाळीस लेखांच्या तळाशी तिने एकेक करून लिंक जोडली. प्रत्येक लिंक उघडून तपासली. दोन चुकल्या होत्या, त्या दुरुस्त केल्या.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी लेखाखाली प्रतिक्रिया आली.

"मी दिपमाला, नवल यांची पत्नी. सुरतहून लिहिते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ते गेले. कावीळ पोटात उतरली होती. तुमच्या वडिलांच्या नंबरवर कळवायला फोन केला, बंद होता. श्रावण लागला की ते मोबाईलवर स्वतःचं नाव आणि गावाचं नाव टाकून बघायचे. म्हणायचे, घरच्यांनी कुठं काढलंय का आपलं नाव. काही निघायचं नाही, मग हसायचे. यंदा मीच टाकलं. तुमचं लिखाण मी त्यांच्या फोटोसमोर मोठ्याने वाचलं."

मेघाने बोटांवर मोजलं. ब्लॉग सुरू झाल्यापासून नवल जाईपर्यंत तीन श्रावण झाले होते. तीनदा त्याने शोधलं होतं, आणि तिन्ही वेळा तिचे लेख तिथेच होते.

शनिवारी ती गावी पोहोचली तेव्हा तानुबाई परातीपुढे बसली होती. ओसरीवर शेजारच्या धुरपदाबाई सुपात डाळ निवडत होत्या.

"ऊनी का जळगावनी मास्तरीण!" धुरपदाबाई म्हणाल्या. "चाय पेस का आधी?"

मेघा आत गेली आणि आईजवळ बसली. थोरल्या भावाची, कुंदनची मूठ झाली. त्याच्या दोन्ही मुलांच्या झाल्या. आईने पुन्हा पोत्यात हात घातला, आणि बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "नवल."

मेघाने तिचं मनगट धरलं. "माय, ती नको काढू."

गेल्या वर्षी नवलची मूठ निघाली होती तेव्हाही तो या जगात नव्हता, हे मेघाला आठवलं. आईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. हात पोत्यातच राहिला.

"कवय?"

"दोन वर्षं झाली. दिवाळीनंतर. आजारी होता."

बाहेर सुपातली डाळ पाखडली जात होती. तानुबाईची मूठ गव्हात हळूहळू सुटली. तिने हात वर काढला. घामाने चारसहा दाणे तळव्याला चिकटले होते. तिने ते झटकले नाहीत.

"मेघा," ती म्हणाली, "मी त्यानी मूठ दरसाल काढी व्हती. त्याले समजनं का ते?"

मेघाच्या पर्समध्ये फोन होता. फोनमध्ये दिपमालाचा मजकूर होता, तारखेसकट.

"हां माय," ती म्हणाली. "समजनं त्याले."

"कसं?"

"मी लिखेल होतं ना. त्यानी वाचं."

तानुबाईने मान हलवली. तळव्यावरचे दाणे एकेक करून पोत्यात परत टाकले, मग पदराने हात पुसला आणि परात मेघाकडे सरकवली.

"दळाले टाक," ती म्हणाली.