तिसरी घागर

“खाऊ दे वो माय तिले डाव्या हातानं. हात तिचा हाय.”

कात्री उजव्या हातात धर असं आईनं दटावलं, आणि आचलच्या कानात तो जुना आवाज पुन्हा बोलला. त्याला चेहरा नव्हता. एक सोललेलं केळं, कुठल्याशा रेल्वेगाडीचा लांब भोंगा आणि एवढंच वाक्य. ती तीन-चार वर्षांची असतानाचं. मागं एकदा तिनं आजीला विचारलं होतं, असं कोण म्हणालं होतं म्हणून. गोदाबाई चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली होती, सपन पडलं असन.

आचलनं कात्री डाव्याच हातात ठेवली. ओसरीवर आबांचं जुनं धोतर पसरलं होतं आणि त्याच्या उभ्या लांब पट्ट्या ती कापत होती. तुराट्यांची, तुरीच्या वाळल्या काड्यांची, जुडी बाजूला ठेवलेली. सहावीच्या वर्गाचं प्रदर्शन होतं, ‘आशियातले देश’. शेखर सरांनी चिठ्ठ्या उचलायला लावल्या होत्या आणि आचलच्या चिठ्ठीत भूतान निघाला होता.

भातकुलीपासून आत असलेल्या त्या गावात भूतानबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं. सरांनी दिलेली पानं आचल रोज रात्री जेवताना वाचून दाखवी. पहिल्या रात्री सगळे ऐकून हसले होते. तिथं मिरची फोडणीत घालत नाहीत, मिरचीचीच भाजी करतात, हे ऐकून तिचे बाबा, नितेश, म्हणाले, “मंग ते आपलेच लोकं हायेत.” पुष्कळ ठिकाणी घर मुलीकडे जातं आणि नवरा तिच्या घरी राहायला येतो, यावर तर ते आणखी हसले. सारा देश घरजावयांचा, म्हणाले.

आबांचा हात तेवढ्यात ताटावर थांबला.

“कोणता देश म्हणतं हा?” खुशालरावांनी विचारलं.

“भूतान, आबा. बौद्धांचा देश हाय. सारा देश.”

गोदाबाईच्या हातातली भाकरी अर्धी मोडून तशीच राहिली. मग तिनंच हळू विचारलं, “राजा बी?”

“राजा बी.”

खुशालराव ताटावरून उठले. भाकरी टाकून उठलेले आबा आचलनं आजवर पाहिले नव्हते. पेरणीच्या दिवसांत अंगात ताप असतानाही ते ताट पुसून खायचे. त्यांच्या हात धुण्याचा आवाज अंगणातून बराच वेळ येत राहिला. आपण काय चुकीचं वाचलं, हे तिला कळेना. पान तिनं दोनदा पाहिलं. तसंच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले. पोरीला दुसरा देश द्या म्हणाले. शेखर सर अमरावतीहून रोज मोटरसायकलनं येणारे, तरुण, हसऱ्या तोंडाचे. त्यांनी उरलेल्या चिठ्ठ्या टेबलावर उलगडून ठेवल्या. थायलंड, जपान, श्रीलंका, म्यानमार. “यातला कोणता देऊ, आबाजी? बुद्ध सगळीकडंच आहे.” मागच्या बाकावरची पोरं खिदळली. खुशालराव जरा वेळ त्या चिठ्ठ्यांकडे पाहत उभे राहिले आणि टोपी नीट करून परत आले. त्यानंतर घरात त्यांनी भूतानचं नाव काढलं नाही. जेवताना आचल वाचायला लागली की तेवढं आपलं ताट घेऊन ते ओसरीवर जात. पण दाराच्या आडच बसत.

त्या पानांतलं एक पान आचलनं मोठ्यानं वाचलं नाही. माणूस मेल्यावर भूतानात डोंगरावर उंच काठ्यांना पांढरे झेंडे लावतात, एकशे आठ. त्यांवर प्रार्थना लिहिलेली असते. वारा ती वाचतो आणि मेलेल्या माणसापर्यंत पोचवतो. तो झेंडा कुणी उतरवत नाही. ऊन-पाण्यानं विरून विरून तो आपोआप संपतो. ते वाचून तिच्या अंगावर काटा आला, कारण तिला लगेच मैना आत्या आठवली.

मैना आत्या तिनं पाहिलेली नव्हती. ती तापानं गेली, आचलच्या जन्माच्याही आधी, एवढंच तिला सांगितलेलं. घरात तिचा फोटो नव्हता. तिचं नाव घरात वर्षातून एकदाच येई, अखजीला. वऱ्हाडात अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मेलेल्या माणसांच्या नावानं मातीच्या घागरी भरतात. वर आंबा ठेवतात, म्हणजे वरच्या उन्हाळ्यात त्यांची तहान भागते. या घरात तीन घागरी असत. पणजोबांची, पणजीची आणि मैना आत्याची. गोदाबाई पहाटे त्या स्वयंपाकघरात मांडी, तोंडातल्या तोंडात गात गात.

पयली माही घागर, मामंजीच्या नावाची
वावरात उभी सावली, हिरव्या लिंबाची

दुसरी माही घागर, सासूबाई तुह्यासाठी
मीठ-भाकरीची चव, तुह्या हातापाठी

तिसऱ्या घागरीला ओवी नव्हती. तिथं आली की आजी गप्प होई आणि पदरानं घागरीचा काठ पुसत राही. मग आबा येत आणि एकेक घागर दोन्ही हातांनी उचलून अंगणातल्या कडुलिंबाखाली नेऊन ठेवत. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

मागच्या अखजीला त्यांचा मनगटाचा सांधा सुजला होता, म्हणून तिसरी घागर आचलनं उचलली. उचलली आणि ती दचकली. घागर हलकी होती. आंबा बाजूला करून तिनं आत बोट घातलं. कोरडं. तेवढ्यात आबा मागून आले, “ठेव, ठेव, मी घेतो,” म्हणत सुजल्या हातानंच त्यांनी ती घेतली. क्षणभर तशीच हातात तोलून धरली आणि मग लिंबाखाली नेली. फुटेल म्हणून घाबरले असतील, असं आचलला वाटलं. पण ती कोरडी घागर तिच्या मनातून गेली नाही. आजी पाणी घालायला विसरते का? दरवर्षी? आणि सगळे पितर पाणी पीत असताना आत्या तिकडं रिकाम्या घागरीपाशी बसते का?

म्हणून या वर्षी झेंडा.

बुद्धाचं चित्र काढायचं म्हणून ती शाळेतून परस्पर बौद्धपुऱ्यातल्या विहारात गेली. नाल्यापलीकडं ती आधी कधी गेली नव्हती. विहारात भागीरथा झाडत होती. पांढऱ्या लुगड्यातली वाळकी म्हातारी. तिचा एकुलता मुलगा अकोल्याला नोकरीला होता हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तो गावात कधीच का येत नाही, हे कुणी बोलत नसे.

आचलनं पाणी मागितलं. भागीरथा तिच्याकडे पाहत राहिली.

“खुशालरावाची नात ना वं तू? आमचं पाणी पेशील?”

असं काही विचारायचं असतं, हेच आचलला माहीत नव्हतं. ती इतकी गोंधळली की म्हणाली, मी भूतानचा अभ्यास करून राहिली.

“बाप्पा,” भागीरथा हसली. “हे पाणी भूतानचं नाई. इथलंच हाय, तुया घरी येते त्याच टाकीचं.”

आचल पाणी प्याली आणि चित्र काढायला बसली. पेन्सिल डाव्या हातात पाहून म्हातारीचा झाडू थांबला. मग आचल बोलत सुटली. राजाबद्दल, मिरचीच्या भाजीबद्दल, पांढऱ्या झेंड्यांबद्दल. अखजीला आपण घरी तीन झेंडे लावणार आहोत, एक मैना आत्याचा, तिला पाणी मिळत नाही म्हणून, हेही तिनं सांगितलं. भागीरथा भिंतीला हात लावून खाली बसली.

“तो झेंडा लावायच्या आधी आजीले इचारजो, बाई,” ती म्हणाली. “इचारल्याबिगर नोको लावू.”

“कावून?”

“इचारजो म्हणून राहिली न मी.”

आचलनं विचारलं नाही. विचारलं तर आजी नको म्हणेल, हे तिला त्या म्हातारीच्या तोंडाकडे पाहूनच कळलं होतं.

अखजीच्या पहाटे ती सगळ्यांच्या आधी उठली. तुराट्यांना बांधलेले तीन झेंडे तिनं कडुलिंबामागं रोवले. प्रार्थना येत नव्हती, म्हणून तिनं नुसती नावं लिहिली होती. वारा सुटलेलाच होता. तिसरी पट्टी लगेच तुराटीभोवती गुंडाळली गेली आणि नाव आत दडलं. मग घागरी मांडून आजी अंघोळीला गेली तेव्हा आचलनं तिसऱ्या घागरीवरचा आंबा उचलला, माठातलं पाणी तांब्यानं तीत ओतलं, काठोकाठ, आणि आंबा परत ठेवला. ओतताना ती मनात म्हणाली, पे आत्या.

खुशालराव धूतवस्त्र नेसून आले. पहिली घागर त्यांनी नेली. झेंड्यांकडे पाहून कपाळाला आठी घातली, पण सणाचा दिवस म्हणून असेल, काही बोलले नाहीत. दुसरी नेली. गोदाबाई ओला पदर सावरत दारात येऊन उभी राहिली होती.

तिसरीला त्यांनी हात घातला. नेहमीच्या अंदाजानं, हलक्या हातानं. घागर उचलली गेली नाही. ती कलली, पाणी त्यांच्या पायांवर सांडलं आणि आंबा गडगडत चुलीपाशी गेला.

खुशालराव त्या पाण्याकडे पाहत राहिले. त्यांच्या तोंडावरचा रंग असा उतरत गेला की आचलला वाटलं आता ते पडतील. त्यांनी भिंत धरली. मग जमिनीवरच बसले, त्या ओल्यातच.

“कवा?” ते म्हणाले.

गोदाबाईला कळलं नाही. “काय कवा?”

“कवा गेली थे? मले सांगतलं बी नाई कोणी.”

“कोण गेलं?”

“घागर भरेल हाय, गोदा.” आबांचा आवाज आचलला ओळखू आला नाही. “तू भरली घागर.”

गोदाबाईनं खाली पाहिलं. पाणी वाहत उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मग तिची नजर तांब्याकडे गेली आणि तिथून आचलच्या ओल्या डाव्या हाताकडे.

“मी भरली,” आचल म्हणाली. “आत्याले तहान लागत असन म्हून.”

आजीनं आपल्याला कधी मारलं नाही, पण आज मारेल, असं तिला वाटलं. गोदाबाई पुढं झाली, तिनं घागर उचलली आणि उरलेलं सगळं पाणी मोरीत ओतलं. घागर पालथी करून झटकली, आतून पदरानं पुसली. तशीच ती अंगणात गेली, तिसरा झेंडा उपटला, कापड तुराटीवरून सोडून काढलं आणि चुरगळून कमरेला खोचलं. परत आली तेव्हा तिला धाप लागली होती.

“जित्या पोरीच्या नावानं पाणी भरत नाई मी,” ती म्हणाली. आचलशी बोलत होती, पण पाहत खुशालरावांकडे होती. “तुमी तिची तेरवी केली, डोकं भादरलं, घागर मांडाले लावली. मांडली. भरली नाई. एका बी अखजीले नाई भरली. मैना जित्ती हाय. भागीरथाच्या पोरासंगं अकोल्याले संसार करून राहिली. दोन लेकरं हायेत तिले.”

आचलच्या पायांखालची फरशी गार होती. अकोला. आजीचे डोळे दाखवायचं अकोला. बाबा दरवेळी म्हणत, अमरावतीत काय डोळ्याचे डॉक्टर नाईत? आणि आबा म्हणत, तिच्या डोळ्याले अकोल्याचाच डॉक्टर मानवते, जाऊ दे तिले. एकदा आजी आचललाही घेऊन गेली होती. ते केळं, तो भोंगा, स्टेशनाच्या बाकावर बसलेली कुणीतरी. ‘खाऊ दे वो माय तिले.’ माय. आजीला माय म्हणणारं या घरात कुणीच नव्हतं, बाबाही तिला आई म्हणत.

खुशालराव अजून खाली बसले होते. आचलची आई, रागिणी, दाराशी येऊन थबकली, नितेश तिच्यामागं. कुणी आत आलं नाही. आबा आता ओरडतील म्हणून आचल आजीच्या पदराआड सरकली.

ते ओरडले नाहीत. त्यांनी हात पुढं केला. गोदाबाईनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग घागर त्यांच्या हातात दिली. रिकामी घागर त्यांनी दोन्ही तळव्यांवर घेतली, जराशी वर-खाली करून पाहिली. त्यांचा श्वास हळूहळू जागेवर आला.

“दरसाली हलकी लागे,” ते म्हणाले. “म्हून तर मी कोणाले उचलू देत नव्हतो.”