हिरोची तीन जाकिटं

टाकीवाल्या फोरमनला वसाहतीत सगळे हिरो म्हणत. त्यात निम्मी चेष्टा असली तरी निम्मं कौतुकही होतंच. माणूस रंगाच्या कारखान्यात थिनरच्या टाक्या सांभाळायचा, म्हणजे पाळीभर अंगात कंपनीचा जाड सुती डगला. नायलॉन, पॉलिएस्टर, चकचकीत असं काहीही टाक्यांच्या फाटकातून आत न्यायला बंदी होती. असल्या कापडाला कापड घासलं तरी ठिणगी पडते, हे तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात. मग घरी आला की गडी सगळा सूड उगवून घ्यायचा. मोरपंखी शर्ट काय, टोकदार बूट काय, कोपऱ्यावर दाढीचं ब्लेड आणायला निघाला तरी वाटावं, स्वतःच्याच लग्नाला निघालाय.

त्याची बायको घरीच कपडे उसवून लहानमोठे करून द्यायची. खिडकीपाशी मशीन, मशीनवर लोकांच्या पँटींचा ढीग. नवऱ्याच्या आवडीनिवडीबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं, पण एका गोष्टीत ती त्याला मानायची. त्याची नजर मापाला पक्की होती. दुकानात टांगलेला शर्ट लांबून बघून म्हणायचा, "खांद्यात अर्धं बोट जास्त आहे," आणि घरी आणून टेप लावली की खरंच अर्धं बोट जास्त निघायचं.

दर वर्षअखेरीला त्यांच्याकडे कपाटाची झडती व्हायची. वर्षभरात त्याने काय काय घेतलं ते सगळं पलंगावर मांडायचं, आणि वर्षाच्या सुरुवातीला काय ठरवलं होतं त्याच्याशी ताडून बघायचं. न्यायाधीश ती, आरोपी तो. हे वर्ष सुरू होताना त्याने मासिकातलं एक चित्र कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं: क्रीम रंगाच्या सुटातला एक माणूस, एक हात खिशात, चेहऱ्यावर सगळं जग विकत घेतल्याचा भाव. "यंदा हा सूट," त्याने छाती पुढे काढून जाहीर केलं होतं. "सोबत दोन रेशमी दिसणारे शर्ट आणि तपकिरी बूट. जाडंभरडं, काळंनिळं एकही नाही. तसलं कंपनी घालते मला फुकटात." ती पोट धरून हसली होती.

पण वर्षअखेर आली तरी तो झडतीचं नावच काढेना. पुढच्या रविवारी बघू, अंग दुखतंय, डोकं चढलंय, अशी एकेक सबब. शेवटी एका रविवारी दुपारची जेवणं उरकल्यावर तिनेच कपाट उघडलं. त्याला संध्याकाळच्या पाळीला जायचं होतं, त्यांची मुलगी चिमणी समोरच्या घरी खेळायला गेली होती, आणि घर निवांत होतं.

"चला, आरोपी हजर करा," ती म्हणाली.

तो पलंगाच्या कडेला बसला, पण हसला नाही.

ती एकेक कपडा काढून मांडत गेली. राखाडी शर्ट, जाड सुती. मातकट शर्ट, तोही जाड सुती. ढगळ पँट, जाड. आणखी एक तशीच. कॅनव्हासचे बूट, बंद न बांधता पाय सरकवायचे. पलंग भरत आला तरी रेशमाचा धागासुद्धा निघेना. तेव्हा तिला आठवलं की या वर्षी नवऱ्याच्या कपड्यांसाठी इस्त्रीची कळ तिने एकदाही खाली आणली नव्हती. एरवी त्याचे झुळझुळीत शर्ट म्हणजे तिच्या जिवाला घोर असायचा, जरा इस्त्री तापली की कापड चिकटलंच. यंदा सगळे कपडे कढत इस्त्री मुकाट सोसत होते.

"अहो, हे काय? कंपनीचा डगला पुरत नाही म्हणून घरीही आणलात?"

"टिकतं गं," तो म्हणाला.

"टिकतं! हा कपाटातला माणूस तोंड फिरवून घेईल तुमच्याकडे बघून."

मग निघाली जाकिटं. कॅनव्हाससारखं दणकट सुती कापड, आतून सुतीच अस्तर, चेन नाही, पितळी बटणं. पहिलं तिने त्याच्या पाठीला लावून बघितलं, चपखल बसलं. दुसरं लावलं तर बाह्या त्याच्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या. तिला वाटलं, आपलंच धरण्यात चुकलं. पुन्हा लावलं. तिसरं तर त्याहून लहान, अगदी मुलांच्या विभागातलं.

"तुम्ही? तुम्ही माप चुकलात?" तिला खरंच मजा वाटली. "आता मी वसाहतभर दवंडी पिटणार. आणा इकडे, दुसऱ्याला काखेत जोड देता येईल."

"नको. राहू दे."

"मग बदलून का नाही आणलं?"

"दुकानात तेवढंच होतं."

तो खोटं बोलतोय हे तिला लगेच कळलं, कारण तो तिच्याकडे न बघता बुटांकडे बघत बोलत होता. खांद्यातल्या अर्ध्या बोटासाठी दुकानदाराशी हुज्जत घालणारा माणूस असली जाकिटं मुकाट्याने पैसे मोजून घरी आणतो, हे काही तिच्या पचनी पडेना. तरी चेष्टेचा सूर सोडवत नव्हता. तिने दुसरं जाकीट स्वतःच्या अंगावर चढवलं, बटणं लावली, एक हात खिशात घातला आणि चित्रातल्या माणसासारखी ऐट करून आरशासमोर उभी राहिली.

जाकीट तिला बेतून शिवल्यासारखं बसलं होतं. खांद्याची शिवण बरोब्बर हाडावर, बाही बरोब्बर मनगटावर.

ती आरशातच बघत राहिली. मग वळून तिने तिसरं जाकीट उचललं. त्याला टेप लावायची गरजच नव्हती. त्या खांद्याचं माप तिने शाळेच्या गणवेशासाठी नुकतंच घेतलं होतं.

आणि मग तिला एकेक गोष्ट आठवायला लागली. त्याने घरातले नायलॉनचे पडदे काढायला लावले होते, वारा अडतो म्हणून. चिमणीचा आवडता झालरीचा चमकता फ्रॉक कुणाला तरी देऊन टाक म्हणाला होता, घट्ट होतो म्हणून, आणि त्यावरून पोरीने घर डोक्यावर घेतलं होतं. हल्ली तो पँट घालूनच झोपायचा. सगळ्यांचे चपलाबूट दाराशी बाहेर तोंड करून लावून ठेवायचा. पोरीच्या सुट्टीला अजून अवकाश असताना बहिणीला फोन करून विचारत होता, आत्ताच पाठवू का तिला तुझ्याकडे. प्रत्येक वेळी तिने त्याला वेड्यात काढलं होतं. आता तिला भीती वाटली, साधी, सरळ भीती.

"काय होणार आहे?" तिने विचारलं.

त्याने पलंगावरची एक पँट घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "होईलच असं नाही."

"काय होईलच असं नाही?"

"तिसऱ्या टाकीचा व्हॉल्व्ह अडकतो. आत दाब वाढला की तो आपोआप उघडायला पाहिजे. उघडत नाही. मग मी वर चढतो आणि लाकडी हातोडीने ठोकून सोडवतो. आधी जरा शीळ घातल्यासारखा आवाज येतो, तो कळायला पाहिजे. नाहीतर टाकी फुटेल, आणि आग थेट इथवर येईल."

"साहेबांना सांगितलं?"

"तोंडी सांगितलं, लिहून दिलं, फक्त पाया पडायचा राहिलोय. म्हणतात, मोठी ऑर्डर बाहेर पडू दे, मग टाकी रिकामी करू. आणि बाहेर कुठे बोललास तर नोकरी आणि क्वार्टर, दोन्ही खाली कर."

"करू की खाली! चुलीत गेली ती नोकरी!"

"आणि ठोकायला कोण चढेल? बाकीच्यांना तो आवाजच ओळखू येत नाही अजून." त्याने खिडकीकडे बघितलं. मशीनच्या पलीकडे, कुंपणाच्या मागे, टाक्यांची पांढरी डोकी दिसत होती. लग्न होऊन आल्यापासून ती त्या टाक्यांसमोर बसून शिवत होती, आणि त्या तिला भिंतीइतक्याच ओळखीच्या झाल्या होत्या.

तिला संताप आला. "मला जाकीट आणलंत आणि मला सांगितलं नाहीत? चोरासारखं कपाटात कोंबून ठेवलंत?"

"सांगितलं असतं तर तुझी झोप गेली असती."

"आणि तुमची? तुम्ही झोपत होतात?"

"काहीतरी विकत आणलं की दोन-चार दिवस लागायची," तो म्हणाला. "अडकला की दुसऱ्या दिवशी मी दुकानात जायचो. तेवढंच हातात होतं गं माझ्या. आगीत सुती निदान वितळून अंगाला चिकटत नाही."

तिने पलंगाकडे बघितलं. मघाशी तो ढीग तिला एका उधळ्या माणसाची वर्षाची खरेदी वाटला होता. आता तिला दिसलं की यातला प्रत्येक शर्ट, प्रत्येक पँट म्हणजे एकेकदा तो व्हॉल्व्ह अडकलेला आहे. उन्हाळ्यातला एकच शर्ट होता. पावसाळ्यातले दोन-तीन कपडे. मग बूट, जाकिटं, आणि पुढचं सगळं एकामागून एक. पलंगावर हात टेकायला जागा उरली नव्हती.

"हे शेवटचं कधीचं?" तिने तिसरं जाकीट पुढे केलं.

"ते जुनं." त्याने खाली वाकून पलंगाखालून एक पिशवी ओढली. तिच्यात चिमणीच्या पायाचे कॅनव्हासचे बूट होते, दुकानाची चिठ्ठी अजून लटकलेली. "हे आज सकाळी आणले."

म्हणजे काल. काल रात्री तो जेवायला उशिरा आला होता, आणि आमटी गार झाली म्हणून तिने तोंडाचा पट्टा सोडला होता.

"संध्याकाळच्या गाडीने तुम्ही दोघी ताईकडे जा," तो म्हणाला. "उद्या नको, आजच. मी ताईला फोन केलाय."

"तुम्ही?"

"ऑर्डर गेली की मी येतोच."

तिला त्याचा हात धरून ठेवायचा होता, त्याला दोन थोबाडीत द्यायच्या होत्या, आणि रडायचंही होतं. यातलं काहीच तिला जमलं नाही. त्याने कंपनीचा डगला चढवला. एक बटण सैल झालं होतं, ते तिने उभ्या उभ्या दोन टाके घालून पक्कं केलं आणि दोरा दाताने तोडला. जाताना त्याने कपाटाचं दार लावायला हात घातला आणि चित्राकडे बघून म्हणाला, "सूट राहूनच गेला बघ यंदा."

"पुढच्या वर्षी घ्या," ती म्हणाली.

तो जिना उतरून गेला. खालून कुणीतरी हाक मारली, "काय हिरो, आज काय रंग?" आणि त्यानेही काहीतरी गमतीचं उत्तर दिलं, कारण हसण्याचा आवाज वर आला. तिने पटापट पिशवी भरली. नवे बूट वर ठेवले, चिमणीचं जाकीट हातावर घेतलं. स्वतःच्या अंगातलं काढायचं तिच्या लक्षातच आलं नाही. घराला कुलूप घातलं आणि समोरच्या दाराची कडी वाजवली. मनाशी तिने ठरवून टाकलं होतं: पोरीला उचलायचं, आत्याला बरं नाही म्हणून सांगायचं, आणि चालू पडायचं. नवऱ्याची नोकरी होती, डोक्यावरचं छप्पर होतं. बोलून चालणार नव्हतं.

दार समोरचीने उघडलं. तिचा नवरा कारखान्यात पॅकिंगला होता, पदरात दोन लहान पोरं होती, आणि बाई तोंडाने हसरी.

"अय्या वहिनी!" ती खदखदून हसली. "हिरोचं जाकीट घालून कुठं निघालात? तुम्हीपण हिरोईन झालात की काय?"

आत जमिनीवर मुलांचा खेळ रंगला होता. चिमणी राजा झाली होती. समोरचीचा मुलगा घोडा. आणि मधोमध समोरचीची धाकटी, राणी म्हणून, झालरीचा चमकता फ्रॉक घालून गिरकी घेत होती.

तो फ्रॉक तिनेच दिला होता. नुसता दिला नव्हता, धाकटीच्या मापाने कंबर आत घेऊन, खाली दुमड घालून, इस्त्रीची कळ अगदी खाली आणून, घडी करून दिला होता. समोरची तेव्हा किती वेळा थँक्यू म्हणाली होती. आणि मागच्या खिडकीला, टाक्यांच्या बाजूला, नायलॉनचे पडदे वाऱ्याने आत फुगत होते. तेही तिचेच होते. नवरा म्हणाला होता, टाकून कशाला देतेस, समोर विचार. हे बोलताना तो कुठे बघत होता, हे आता तिला आठवलं. तेव्हाही तो बुटांकडेच बघत होता.

"आई, अजून थोडा वेळ," चिमणी म्हणाली. "राणीची वरात निघायचीय."

तिने पिशवी खाली ठेवली. गाडी चुकणार हे तिला तेव्हाच कळलं. नोकरी जाणार, क्वार्टर जाणार, तेही कळलं. नवरा तिला कधी माफ करेल की नाही याचा विचार मनात आला आणि गेला. आपण त्याला माफ करू की नाही, याचाही आला. तो मात्र गेला नाही.

"आधी तिचा फ्रॉक काढ," ती समोरचीला म्हणाली.

"का हो, परत हवाय का?" समोरचीचं हसू ओसरलं. "पोर रडेल हो वहिनी."

"रडू दे. जाड सुती काय आहे घरात? पोरांचं, तुझं, मिळेल ते काढ."

"वहिनी, झालंय काय?"

ती खुर्ची ओढून तिच्यावर चढली आणि पडदे उतरवायला लागली. पडद्यामागून टाक्या दिसल्या, पांढऱ्या, स्वच्छ, उन्हात शांत उभ्या.

"सांगते," ती म्हणाली. "पण एकदाच सांगेन. सगळ्या मजल्यांवरच्या कड्या वाजव आणि बायकांना इथे बोलाव."